कळ थांबल्यानंतर : प्रस्तावना

कोल्हापुरात मूतखड्यावर औषध सांगणारा माणूस शोधावा लागत नाही. हुलग्याचे कढण घ्या, पानफुटीची पाने चावून खा, उसाचा रस प्या, तांब्याने पाणी ढोसा. सांगणारा मनापासून सांगतो, कारण त्याच्या घरात कुणाला तरी गुण आलेला असतो. ऐकणारा दोन दिवस ते सगळे करतो, तिसऱ्या दिवशी कळ थांबते आणि घरात विषय संपतो.

हे छोटे पुस्तक त्या तिसऱ्या दिवसाबद्दल आहे. कळ थांबण्याची कारणे दोन असू शकतात. एक, खडा लघवीच्या पिशवीत उतरला. दुसरे, खडा आहे तिथेच आहे, पण त्याच्या वरची नळी ताणून ढिली पडली आहे आणि किडनीने लघवी तयार करणे कमी केले आहे. पहिल्यात सुटका आहे, दुसऱ्यात किडनी हळूहळू निकामी होण्याची सुरुवात. रोग्याला मात्र दोन्ही वेळी सारखेच बरे वाटते. वर्षभराने दुसऱ्याच कशासाठी सोनोग्राफी होते आणि एक किडनी पाण्याच्या पिशवीसारखी फुगलेली दिसते. असा माणूस या जिल्ह्यातल्या बहुतेक डॉक्टरांनी पाहिलेला असतो. "मला तर काही त्रासच नव्हता," असे तो सांगतो आणि ते खरेही असते. त्रास का नव्हता, हे कळायचे तर किडनी आणि मूत्राशय यांच्यामधल्या मूत्रवाहिनीकडे जरा निवांत पाहावे लागते.

शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीत दोन किडन्या असतात, खाली एक पिशवी असते आणि त्यांना जोडणाऱ्या दोन रेघा असतात. त्या रेघांबद्दल आपण 'मूत्र वाहून नेणारी नळी' एवढे लिहितो आणि एक गुण मिळवतो. मनात राहते ते गच्चीवरच्या टाकीतून नळाला पाणी यावे तसे चित्र: वर लघवी तयार होते, वजनाने खाली येते. ते तसे असते तर रात्री आडवे झाल्यावर लघवी उतरली नसती आणि शीर्षासन करणाऱ्याच्या किडनीत ती तुंबली असती. तसे होत नाही, कारण मूत्रवाहिनीची भिंत स्नायूची आहे आणि ती लघवीला ढकलत नेते. मोठ्या माणसात तिची लांबी २५ ते ३० सेंटिमीटर, आतली पोकळी जेमतेम ३ ते ४ मिलिमीटर. किडनीच्या आत लघवी जिथे प्रथम जमते त्या लहान कप्प्यांच्या भिंतीत काही पेशी ठराविक वेळाने स्वतःहून विद्युत्-ठिणगी देतात. तिथून आकुंचन सुरू होते, एका स्नायूपेशीकडून दुसरीकडे जाते आणि लाट बनून मूत्राशयापर्यंत उतरते. मिनिटाला साधारण दोन ते सहा लाटा, सेकंदाला दोन ते सहा सेंटिमीटर वेगाने. दिवसाला दीड लिटर लघवी धरली तर मिनिटाला सुमारे एक मिलिलिटर होते, म्हणजे प्रत्येक किडनीच्या वाट्याला अर्धा. मिनिटाला दोन लाटा धरल्या तर एका लाटेवर पाव मिलिलिटर, पाचेक थेंब. जन्मापासून अखेरपर्यंत, जागेपणी आणि झोपेत, पाच-पाच थेंबांची ही ने-आण चालू असते आणि आपल्याला तिचा पत्ताही नसतो.

ज्याला ती डोळ्यांनी पाहायची असेल त्याने रंगीत डॉप्लर सोनोग्राफीच्या वेळी पडद्याकडे पाहावे. मूत्राशयाच्या तळाशी उजवीकडून आणि डावीकडून अधूनमधून रंगाचा फवारा उडताना दिसतो. प्रत्येक फवारा म्हणजे एक लाट येऊन पोचली. खड्याने एका बाजूची वाट पूर्ण बंद केली असेल तर त्या बाजूचा फवारा दिसत नाही.

लघवी किडनीतूनच येते, हे सिद्ध करायलासुद्धा माणसाला प्रयोग करावा लागला. ती सूक्ष्म वाटांनी झिरपत मूत्राशयात जमते, अशी समजूत अनेक प्राचीन परंपरांत होती. सुश्रुताने मूतखड्याच्या शस्त्रक्रियेचे इतके बारकाईने वर्णन केले, पण लघवीचा मार्ग त्यानेही असंख्य बारीक वाहिन्यांतूनच सांगितला आहे. दुसऱ्या शतकात गेलनने जिवंत प्राण्याच्या मूत्रवाहिन्या दोऱ्याने बांधल्या. मूत्राशय रिकामे राहिले, गाठीच्या वरचा भाग मात्र फुगून तटतटला. गाठ सोडताच लघवी खाली आली. मूत्रवाहिनीतल्या अडथळ्याचा हा जगातला पहिला नोंदलेला प्रयोग म्हणता येईल आणि खड्याच्या रोग्यात आज जे घडते ते त्या गाठीपेक्षा वेगळे नाही. पुढची मोठी पायरी १८६९ सालची. एंगेलमान या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने सशाच्या मूत्रवाहिनीवर काम करून दाखवले की ही लाट नसांच्या हुकमावर अवलंबून नाही, ती स्नायूतच उपजते. शंभर वर्षांनी किडनी-प्रत्यारोपण रूढ झाले, तेव्हा याचा रोजचा पुरावा मिळू लागला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ मध्ये जिवंत दात्याच्या किडनीचे यशस्वी प्रत्यारोपण झाले. तेव्हापासून आजवर अशा प्रत्येक शस्त्रक्रियेत सगळ्या नसा तुटलेली मूत्रवाहिनी नव्या शरीरात जोडली जाते आणि पुन्हा लाटा देऊ लागते. नसा तिचा वेग थोडा कमी-जास्त करतात, पण ती त्यांच्यावाचून अडत नाही.

आता दाबाकडे येऊ. या पुस्तकाचा जीव तिथेच आहे, म्हणून वाचकाने थोडे आकडे सोसावेत.

रक्तदाब आपण पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतो. मूत्रमार्गातला दाब इतका कमी असतो की तो पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजावा लागतो. १२० चा रक्तदाब या मापात १६० सेंटिमीटरच्या पुढे जातो. मूत्रवाहिनी शांत असताना तिच्यातला दाब शून्य ते पाच सेंटिमीटर असतो. लाट जाते तेव्हा त्या जागी तो २० ते ८० पर्यंत चढतो. आणि किडनीच्या पोकळीत? तिथे तो दहाच्या आतबाहेरच राहतो. एकाच नळीच्या एका टोकाला लघवी जोराने ढकलली जात असताना दुसऱ्या टोकाला शांतता कशी राहते, हा या विषयातला सगळ्यात सुंदर प्रश्न आहे. उत्तर लाटेच्या आकारात आहे. आकुंचन पावणारा भाग लघवीच्या घोटामागे पूर्ण मिटतो. भिंतीला भिंत चिकटते. त्यामुळे पुढचा दाब मागे किडनीकडे पोचूच शकत नाही. खाली मूत्राशयातही अशीच सोय आहे. तिथे मूत्रवाहिनी भिंतीतून सरळ न शिरता तिरकी सरकत जाते, म्हणून पिशवी भरली की तिचाच दाब त्या तिरक्या तुकड्याला मिटवतो आणि लघवी उलटी चढत नाही. मूत्रवाहिनी लघवी नेते हे तिचे अर्धे काम झाले. किडनीला दाबापासून वाचवणे हे उरलेले अर्धे आहे आणि माझ्या मते तेच अधिक महत्त्वाचे.

किडनीला दाब का सोसत नाही? दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव किडनीच्या गाळण्यांमधून गाळला जातो आणि त्यातला बहुतेक परत शोषला जाऊन दीड लिटर उरतो. एवढे गाळण्यासाठी लागणारा जोर किती, याचा शरीरक्रियाशास्त्रातला ठोकळ हिशेब असा आहे: गाळणीतल्या केशवाहिन्यांत रक्ताचा दाब पाऱ्याचे ६० मिलिमीटर. त्याच्या विरोधात रक्तातल्या प्रथिनांची ओढ ३२ आणि गाळणीभोवतीच्या कपातला दाब १८. उरतात दहा. साऱ्या शरीराचे रक्त शुद्ध करण्याचे काम या दहा मिलिमीटरवर चालते. मागून, म्हणजे मूत्रवाहिनीकडून, त्या कपातला दाब आणखी दहाने चढला तर वजाबाकी शून्यावर येते. प्रत्यक्षात किडनी रक्तप्रवाह बदलून काही काळ तग धरते, पण तिच्याकडे खर्चायला शिल्लक किती थोडी आहे हे या आकड्यांत दिसते.

किडनीच्या पोकळीच्या भिंतीचे आकुंचन आणखी एक काम करत असावे. बोडिल श्मिट-निल्सन या विदुषीने गेल्या शतकात हॅमस्टरच्या किडनीवर प्रयोग करून दाखवले की ही भिंत प्रत्येक आकुंचनाबरोबर किडनीच्या आतल्या टोकाला पिळते आणि सोडते. त्या पिळण्याने बारीक नळ्यांतला लघवीचा आणि भोवतीच्या रक्ताचा प्रवाह थांबत-थांबत पुढे जातो. लघवी घट्ट करण्यात या पिळण्याचा हातभार असावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. माणसात ते किती लागू पडते यावर अभ्यासकांचे एकमत नाही. तरी किडनीतून लघवी नुसती वाहते ही कल्पना त्या कामानंतर टिकत नाही.

भरपूर पाणी पिण्याचा सल्ला इथे तपासून घेऊ. पाणी वाढले की लघवी वाढते आणि मूत्रवाहिनी त्याला दोन पायऱ्यांत उत्तर देते. आधी लाटांची संख्या वाढते. ती एका मर्यादेला पोचली की प्रत्येक लाटेतला घोट मोठा होतो. त्याच्याही पुढे गेल्यास घोट एकमेकांना भिडतात, भिंती मिटेनाशा होतात आणि काही काळ नळी उघडी राहून लघवी सलग वाहते. निरोगी माणसात यात काहीच बिघडत नाही. खडा होऊ नये म्हणून, किंवा पडून गेल्यावर पुन्हा होऊ नये म्हणून, दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे, हा सल्ला अगदी योग्य आहे. पण खडा अडकून कळ चालू असताना तांब्यामागून तांब्या पाणी पिणे किंवा सलाईनवर सलाईन लावणे याने खडा ढकलला जातो, याला आधार नाही. लाट खड्याला ढकलते ती भिंत मिटून. आणि वरून पूर आला की भिंत मिटतच नाही. वाढतो तो फक्त दाब आणि दाबाबरोबर कळ. तहानेपुरते पाणी त्या वेळी पुरे.

खडा अडकल्यावर वर काय होते, हे कोल्हापूरकरांना समजावणे सोपे आहे. नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही आणि फुग शिरोळपासून मागे मागे चढत येते. २०१९ आणि २०२१ मध्ये राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ४३ फुटांची धोक्याची खूण ओलांडून गेली, त्यात पावसाबरोबर पुढे तुंबलेल्या पाण्याचाही हात होता. मूत्रवाहिनीत अशीच फुग खड्यापासून किडनीपर्यंत चढते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत तिच्या तीन अवस्था दिसल्या आहेत. पहिला तास-दीड तास दाब वाढतो आणि प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांमुळे किडनीचा रक्तपुरवठाही वाढतो. म्हणजे अडलेली किडनी उलट जास्त लघवी करायला बघते. जीव नकोसा करणारी कळ याच काळातली. नंतर सुमारे पाचव्या तासापर्यंत दाब चढाच राहतो, पण रक्तपुरवठा घटू लागतो. त्यानंतर दोन्ही उतरतात. डायक्लोफिनॅकसारखे इंजेक्शन या कळीत मॉर्फिनच्या तोडीचे ठरते ते याचमुळे: ते प्रोस्टाग्लँडिन कमी करते, त्यामुळे वेदनेबरोबर तिच्यामागचा दाबही उतरतो. (आधीच किडनी कमजोर असलेल्यांनी मात्र ते स्वतःच्या मनाने घेऊ नये.)

तिसऱ्या अवस्थेपाशी जरा थांबू या. दाब उतरला, कारण गाळणे कमी झाले. शिवाय फुगून रुंद झालेल्या नळीला आता जोर लावता येत नाही. लाप्लास या फ्रेंच गणितीच्या नावाचा एक नियम आहे: भिंतीचा ताण तेवढाच असेल तर पोकळी जितकी रुंद तितका आतला दाब कमी. रुंदावलेल्या मूत्रवाहिनीचा स्नायू आकसतो, पण भिंतीला भिंत लागत नाही आणि लाट नुसती थरथर होऊन विरते. ताण गेला म्हणून कळ गेली. खडा हललेला नाही. कुत्र्यांवरच्या प्रयोगांत असा पूर्ण अडथळा आठवड्याच्या आत काढला तर किडनी जवळजवळ पूर्ववत झाली. सहा आठवडे राहू दिला तर परत येण्यासारखे काही उरले नाही. माणसात अडथळा बहुधा अर्धवट असतो, म्हणून मुदत लांबते, पण दिशा तीच.

खडे आपोआप पडतात हेही तितकेच खरे आहे आणि ते सांगितले नाही तर हे पुस्तक उगाच घाबरवणारे होईल. अमेरिकन आणि युरोपीय मूत्ररोगतज्ज्ञांनी २००७ मध्ये मिळून काढलेल्या निष्कर्षानुसार मूत्रवाहिनीतले पाच मिलिमीटरपर्यंतचे सुमारे ६८ टक्के आणि पाच ते दहा मिलिमीटरमधले ४७ टक्के खडे स्वतःहून उतरतात. हुलग्याच्या कढणाची कीर्ती बरीचशी या आकड्यांवर उभी आहे. कढण पिणाऱ्याला कुणी नावे ठेवू नयेत. पण दहांतले जे तीन-चार लहान खडे उतरत नाहीत, त्यांच्या मालकांना कढणाने खोटी निश्चिंती मिळते.

कळीबरोबर थंडी वाजून ताप आला तर मात्र थांबायची सोय नाही. जंतूंच्या विषाने मूत्रवाहिनीची लाट आणखी मंदावते आणि किडनीच्या पोकळीतला दाब चाळीस सेंटिमीटरच्या आसपास गेला की दूषित लघवी उलटी रक्तात शिरू लागते. अशा वेळी खडा काढण्याची घाई नसते, दाब उतरवण्याची असते. आतून स्टेंट टाकून किंवा पाठीतून नळी घालून. ते काही तासांत व्हावे लागते. सीपीआर रुग्णालयात न्या, खासगीत न्या, पण सकाळची वाट पाहू नका. दुर्बिणीने खडे फोडतानाही हाच धोका असतो, कारण आत सोडलेल्या सलाईनचा दाब किडनी सोसत असते. चांगला शल्यविशारद खड्याइतकेच त्या दाबावर लक्ष ठेवतो.

आतापर्यंत खड्याचेच बोललो, पण या पुस्तकातली दोन प्रकरणे मला त्याहून जवळची आहेत. एक खालच्या टोकाबद्दल आहे. मूत्रवाहिनीला लघवी सोडायची असते ती मूत्राशयाच्या दाबाविरुद्ध. पिशवी तुडुंब भरली की मूत्रवाहिनी रिकामी होईनाशी होते. सोनोग्राफीत कधी दोन्ही किडन्यांना हलकी सूज दिसते आणि डॉक्टर म्हणतात, "लघवी करून या, परत पाहू." परत पाहिल्यावर सूज गेलेली असते. एकदा घडले तर काही नाही. पण उसाच्या फडात, बाजारात, एसटीच्या प्रवासात सोय नाही म्हणून बायका सकाळपासून दुपारपर्यंत लघवी आवरून धरतात आणि लघवीला जावे लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. कमी लघवी, घट्ट लघवी, भरलेली पिशवी, मंद लाट आणि जंतुसंसर्गाला आमंत्रण. हा प्रश्न दवाखान्यात सुटणार नाही. स्वच्छ आणि उघड्या असलेल्या स्वच्छतागृहांनी सुटेल. फौंड्रीत भट्टीपुढे उभे राहून घामाने निथळणाऱ्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या कामगारांना पाण्याची सुट्टी मिळणे हाही त्याचाच भाग.

याच प्रकरणात वयस्क पुरुष येतात. प्रोस्टेट वाढून मूत्राशय नेहमीच ताठ भरलेले राहिले आणि आतला दाब सतत चाळीस सेंटिमीटरच्या वर राहू लागला की दोन्ही मूत्रवाहिन्या हरतात. दुखत काहीच नाही. पहिली खूण पुष्कळदा एवढीच असते की आजोबांचे अंथरूण रात्री ओले होऊ लागते. घरचे ते वयावर ढकलतात, आजोबा लाजेने बोलत नाहीत आणि रक्तातले क्रिएटिनिन वाढत राहते. साठीनंतर नव्याने अंथरूण ओले होऊ लागले तर ते म्हातारपण समजू नये.

दुसरे प्रकरण मूत्रवाहिनीच्या भिंतीच्या आजारांचे. महाराष्ट्राने यात एक धडा जगाला दिला आहे, पण तो इथेच विसरला गेला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लोकांच्या लघवीतून रक्त जात होते. नाईलच्या खोऱ्यात मूत्राशय आणि मूत्रवाहिन्या दगडासारख्या कडक करून टाकणारा शिस्टोसोमा हा कृमी तिथे असल्याचे गाडगीळ आणि शहा यांनी १९५२ मध्ये दाखवून दिले. भारतात हा आजार स्थानिक पातळीवर नाही, असेच तोवर मानले जात होते. गोड्या पाण्यातल्या एका चिमुकल्या गोगलगायीतून तो पसरत होता. कडक झालेल्या भिंतीतून लाट जात नाही. खडा नसतानाही फुग चढते. आपल्याकडे हेच काम आज क्षयरोग अधिक करतो आणि तोही बिनदुखता.

गरोदरपणाबद्दल एक धीराचा शब्द. सातव्या-आठव्या महिन्यात सोनोग्राफीत उजव्या किडनीला सूज दिसणे फार सामान्य आहे. प्रोजेस्टेरॉनने स्नायू सैलावतात आणि गर्भाशयाचा भार उजव्या बाजूला जास्त येतो. ताप किंवा तीव्र कळ नसेल तर बाळंतपणानंतर काही आठवड्यांत ती उतरते.

शेवटी एक विनंती, आणि ती ज्यांच्या मूत्रवाहिनीत डीजे स्टेंट आहे त्यांना. या नळीने अडलेली किडनी वाचते, पण ती आत असेपर्यंत लाट जवळजवळ बंद पडते आणि खालचे झडपेसारखे तोंड उघडे राहते. म्हणून लघवी करताना कमरेत कळ येते. ते अपेक्षित आहे. नळी मात्र कायमची नसते. काही आठवड्यांत, फार तर तीनेक महिन्यांत, ती काढावी किंवा बदलावी लागते. राहून गेली तर तिच्यावरच खड्याचे थर चढतात आणि मग एका छोट्या कामासाठी मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. बरे वाटले म्हणून लोक परत जात नाहीत. तसे करू नका. घरी जाण्याआधी स्टेंट काढायची तारीख डॉक्टरांकडून फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या आणि घरातल्या आणखी एका माणसाला ती सांगून ठेवा.